काळं म्हणजे गार न्हाई

आठवड्यातून एकच सुट्टी, आणि ती दगड बघण्यात घालवायची, हे फक्त माझ्या पोरीलाच सुचू शकतं.

पायल बीएस्सी झाली आणि पुण्याला भूगर्भशास्त्राच्या एमएस्सीला तिचा नंबर लागला. जागा ऑनलाइन पक्की करायची मुदत त्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. फॉर्मवर मोबाईल नंबर माझा, म्हणजे ओटीपी माझ्याच फोनवर येणार. थोडक्यात, किल्ली माझ्या खिशात होती आणि ती द्यायचा माझा बिलकुल विचार नव्हता.

मी नागसेन. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळवायच्या भट्टीवर सव्वीस वर्षं झाली. पायलसाठी एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये मी शब्द टाकून ठेवला होता. सोमवारी हजर व्हायचं, पंख्याखाली बसायचं, संध्याकाळी घरी. जालना सोने का पालना म्हणतात ते काय उगीच? आणि ही म्हणते, दगड शिकायचाय! माझ्या बापाने आणि आजाने रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. त्या दगडापासून लांब यायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या. पोरगी आपल्या पायाने परत तिकडेच निघालेली बघून माझा जीव जळत होता.

"पप्पा, एकदा बघायला चला. मंग न्हाई म्हणा," ती म्हणाली. तिची आई भावना हिने तोवर डबाही बांधला होता. मायलेकींचं आधीच ठरलं होतं तर!

केदारखेडा मागे टाकून आम्ही कपाशीतल्या कच्च्या रस्त्याला लागलो. गाडी दोनदा चिखलात रुतली, दोनदा मी भूगर्भशास्त्राचा उद्धार केला. पुढे नाल्याजवळ ग्रामपंचायतीचा 'पर्यटन स्थळ' असा बोर्ड, दोन सिमेंटचे बाक आणि चतुराबाई नावाच्या म्हातारीची चहाची टपरी. पर्यटक आम्ही दोघंच.

"राक्षसानं सरपण रचून ठिवलंय म्हंत्यात," चतुराबाईने लांबूनच सांगितलं. "चुलीला न्हाई लागलं, मंग तसंच ऱ्हायलं."

नाल्याचं वळण ओलांडलं आणि मी थांबलो. समोर काळ्या दगडाची भिंत होती, दोन माणसं उंच. पण भिंत कसली, नुसते खांब! एकाला एक चिकटून उभे, कडा सरळ, कोणी पाच बाजूंचा, कोणी सहा. पाऊस चार दिवसांपासून उघडला होता आणि दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. वर हवा थरथरत होती. पायल पुढे झाली, तिने खांबाला हात लावायला तळवा उचलला, आणि मी झेप घेऊन तिच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

"हात लावू नको! काळं म्हंजे गार न्हाई!"

नाल्यात माझाच आवाज घुमला. पायल मनगट धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. "पप्पा, हा लाव्हा गार होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली."

मी पार ओशाळलो. पण त्यात माझा दोष नव्हता. भट्टीवरचा पहिलाच आठवडा होता तेव्हा मी एक काळा तुकडा गार समजून उचलला होता. आमचा उस्ताद कडूबा याने तो हातावर फटका मारून पाडला, तरी तळव्याची कातडी गेलीच. लोखंड लाल असतं तेव्हा कोणीही दूर राहतं, काळं झाल्यावर ते फसवतं. ते वाक्य मग मी प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो. उभे खांब बघून माझं अंग परत भट्टीवर गेलं होतं.

"हे तापलेलं होतं, तुमाला कसं कळलं?" पायलने विचारलं. आता ती हसत नव्हती.

"दिसून राह्यलं न्हाई का? आमच्याकडं भट्टीतला मळ बाहेर टाकत्यात ना, तोबी असाच तडकतो. वरचं आधी गार होतं, आखडतं. आत अजून आग. मंग ताण बसतो अन् तड जाते, वरून खाली. पाणी मारून जल्दी केली तर चुरा होतो बघ. ह्याला कुणी घाई केली न्हाई. निवांत गार झालंय, म्हणून तड बराबर सरळ गेली."

पायलने पिशवीतून वही काढली होती आणि ती भराभरा लिहून घेत होती. "सरांनी फळ्यावर चित्र काढल्तं," ती म्हणाली, "पण गार होताना बघितलेला माणूस मला पहिल्यांदा भेटला."

सव्वीस वर्षांत माझं बोलणं कोणी वहीत उतरवून घेतलं नव्हतं. मला भरून आलं, हे कबूल करतो. माझ्या बापाने आयुष्यभर दगड फोडला, पण त्याला कोणी विचारलं नाही की हा दगड असा का फुटतो. त्याला ते नक्की माहीत असणार.

घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. पायल घड्याळाकडे बघत नव्हती, आणि तेच मला सोसेना. फोन काढला तर रेंज नाही.

"ओ मावशी, रेंज कुठं येते?" मी ओरडलो.

"वर खांबाच्या टाळूवर!"

मागच्या पायवाटेने आम्ही धापा टाकत वर गेलो. खांबांची डोकी फरशीसारखी बसलेली होती. पायलच्या फोनवर गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मी खाली बसलो आणि भाजलेल्या खुणेचा तळवा दगडावर टेकला. दगड उन्हाने कोमट होता. माझ्या खिशात फोन वाजला.

"लिही," मी म्हणालो आणि सहाही आकडे मोठ्याने, सावकाश सांगितले. पायलने बोट दाबलं, जागा पक्की झाल्याचं दाखवत फोन माझ्या हातात दिला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

खाली आल्यावर चतुराबाईने विचारलं, "येवढं कसलं काम व्हतं वर?"

"पोरगी पुण्याला चालली मावशी. दगड शिकायला."

"आता दगडात काय शिकायचं?"

मी बाकावर ऐसपैस बसलो. "तीन चहा टाका, मावशी," म्हणालो, "अन् तुमीबी इथं बसा. सांगतो."