दगड झालेलं औषध

पोशेऱ्यात रामीच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. भगत बाबल्या हातातली कॅप्सूल सगळ्यांपुढे नाचवत होता. "बघा, बघा! डॉक्टरचा औषध परवा पीठ व्हता, आज दगड झाला! देवानं थुकून टाकला!"

त्याने कॅप्सूल फोडली. आत खरोखरच खडा होता. बायकांनी हात जोडले.

मी कासम, जव्हारचा किराणावाला. संशय घेणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. शहाऐंशी सालच्या श्रावणात मी दर आठवड्याला मीठ-मिरची घेऊन पोशेऱ्याला जायचो. रामीला दमा होता. तिचा नवरा जिवा याच्या सांगण्यावरून डॉक्टरांकडून तिचं औषध मीच आणून दिलं होतं: चांदीसारख्या कागदात एकेक बंद केलेल्या कॅप्सूल आणि प्लास्टिकचं एक नळकांडं. कॅप्सूल गिळायची नाही. नळकांड्यात फोडून आतलं पीठ श्वासाबरोबर ओढायचं. आज मी दुसरी पट्टी घेऊन आलो होतो.

रामी दाराशी खांदे वर ओढून बसली होती. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिने नळकांडं दोनदा ओढून पाहिलं होतं. काहीच आलं नव्हतं.

"कुठं ठेवलं होतंस औषध?" मी जिवाला विचारलं.

"देवापुढं, शेट. नवा भात आमी देवाला दाखवल्याबिगर खात नाय. औषध पन नवाच ना? भगतानं सांगितला, देवाला झाकलेला दाखवू नको, कागद काढ. पानावर मांडला दोन दिस."

श्रावणात, ओल्या पानावर, दोन दिवस!

बाबल्याने आपली राखेची बाटली काढली. "हुंग, रामे. एक कोंबडा दे, दम जातो का नाय बघ." बूच मेणाने लिंपलेलं होतं. त्याने नखाने मेण खरवडलं, बूच काढलं, खालचा कापडाचा बोळाही काढला. एवढा बंदोबस्त कशाला, म्हणून मी वाकून पाहिलं. राख अगदी कोरडी, आणि तळाशी भाजलेले तांदूळ. मिठाला पाणी सुटू नये म्हणून मी बरणीत घालतो, तसेच.

म्हणजे ओल लागली की पिठाचा खडा होतो, हे याला पुरतं ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं.

"भगत, तुमची राखही दाखवा की देवाला. उघडी, त्याच पानावर."

"ती सिद्ध हाय."

"मग घाबरता कशाला?"

म्हातारी फागी पुढे आली. "ठेव ना रं, बाबल्या. देव आपलाच हाय."

बाबल्याने बाटली बगलेत दडपली. फागीने ती ओढून घेतली आणि जिवाने देवापुढून आणलेल्या त्या ओल्या पानावर चिमूटभर राख टाकली. शेजारी मी नवी पट्टी ठेवली, कागदासकट. बघता बघता राखेचा चिखल झाला.

रामी थांबली नाही. तिने पट्टी उचलली, पदराला पुसली, कागद फाडला. कॅप्सूल कोरडी होती. ती नळकांड्यात फोडून तिने श्वास ओढला. या वेळी पीठ भुरकन आत गेलं. थोड्या वेळाने शिट्टी मंदावली, खांदे खाली आले.

"देव पावला!" बाबल्या ओरडला. "मीच बोललो त्याला!"

रामीने त्याच्याकडे पाहिलं. "तुझा देवाशी बोलना व्हता, तर दोन दिस मी मरत व्हते, तवा का नाय बोललास?"



तो कागद पिठाला दमट हवा लागू नये म्हणून कुणीतरी विचार करून घातलेला असतो. देवाला औषध खुशाल दाखवा, पण बंद पट्टी दाखवा. आणि औषध हरलं असं कुणी सांगू लागला, तर ते उघडं टाकायला कुणी सांगितलं होतं, हे त्याला आधी विचारा.