हळू वाजवून पाठव

कांडी अजून गारच होती. बोटाएवढी, गुळगुळीत, पोलादी... तारांवरून सरकवली आणि पायाने पेडल दाबलं की पेडल स्टील गिटार रडल्यासारखी गाते, ती हीच. भास्करने ती केव्हाची मुठीत धरली होती, पण ऊब म्हणून तिच्यात उतरत नव्हती, आणि समोर लॅपटॉपवर, ब्रिस्बेनच्या दुपारच्या स्टेजवर, लास्ट पॅडॉक वाजवत होता. त्याचा बँड. एकोणीस वर्षांचा.

"बाबा, दॅट्स नॉट यू," शिवांगी म्हणाली.

"मी इथे टार्निटला, घरात आहे ना, राणी. बॉर्डर बंद आहे."

"देन हू इज शी?"

कोण असेल? पंचविशीची कुणी मुलगी, त्याच्या जागी, ड्रमरच्या डाव्या हाताला. कुणीतरी बसणारच होतं — मेलबर्नला लॉकडाउनचं कुलूप लागलं म्हणून तिकडचे कार्यक्रम थोडेच थांबणार होते? ते त्याने केव्हाच गिळलं होतं... पण दुसऱ्या गाण्यात तिने सूर वर नेता नेता अडवला, पाहुण्याने उंबऱ्याशी थबकावं तसा, आणि मग अलगद आत घेतला — आणि तो स्क्रीनवर वाकला. ही जागा कुठल्याच रेकॉर्डवर नव्हती. ही आईची. तांदूळ निवडताना ओवी म्हणायची तेव्हा ती अशी थांबायची. आणि गेल्या महिन्यात, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने ती स्टीलवर उतरवून डॅरिलला पाठवली होती.

"नुसतं स्टील पाठव, मेट," डॅरिल फोनवर म्हणाला होता. बँड दोघांनी मिळून उभा केलेला, गाणारा तो. "हळू वाजवून. कुठे काय करतोस ते सांगत सांगत. नव्या रेकॉर्डसाठी."

आणि भास्कर वेडा! कपड्यांच्या कपाटात माइक टांगून बारा गाणी, एकेक जागा उलगडून — इथे श्वास धर, इथे घाई नको... रेकॉर्डला सांगणं कशाला लागतं, हे सुचलंसुद्धा नाही. अरे डॅरिल, विचारलं असतंस तर मी तिला शिकवलं नसतं का?

"बंद कर ते," त्याची बायको मधुवंती स्वयंपाकघरातून म्हणाली. "उगाच स्वतःच्या जिवाला खातोयस."

"थांब गं. तिसरं अवघड आहे."

तिसऱ्यात ती चुकेल. चुकावीच — चारचौघांत, डॅरिलच्या शेजारी. तो दबा धरून बसला. चढ आला, मुलीने खालचा ओठ दातात धरला... आणि टेबलाखाली, नुसत्या कार्पेटवर, भास्करचा डावा पाय आपणहून दाबला गेला, नेमका वेळेवर, तिला उचलून पलीकडे ठेवावं तसा.

सूर लागला.

तो पायाकडे बघत राहिला. हा कुणाच्या बाजूचा, ते त्याला सांगता येईना.