थांबण्याची जागा

मास्कची जाळी आणि दादाचा गाल यांच्यामध्ये तिचं बोट सहज शिरलं. शिरायला नको होतं.

प्लास्टिकच्या जाळीचा तो मास्क उपचारांच्या सुरुवातीला गरम करून त्याच्याच चेहऱ्यावर ओढून बसवला होता. डोकं जागचं हलू नये म्हणून. तेव्हा तो एवढा आवळ होता की गालांवर चौकटी उमटायच्या. आज मास्क तोच होता, आतला माणूस आटला होता.

"काढा हा," ती तंत्रज्ञ बाईंना म्हणाली. "आज उपचार द्यायचे नाहीत."

दादा टेबलावर उठून बसला. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर यानेच ओढलं होतं. जन्मभर वेल्डिंग केलं, आणि त्या ओढाताणीत धाकटी बहीण फिजिक्स शिकून या इस्पितळात किरणोपचारांचं गणित मांडणारी फिजिसिस्ट झाली. इथे तिला सगळे मॅडम म्हणत. तो चारचौघांतही बारकीच म्हणे. आता त्याच्या नाकामागे गाठ होती. गाठीने उजवा डोळा आधीच निकामी केला होता, आणि डाव्या डोळ्याची नस तिला खेटून जात होती.

"का द्यायचे नाहीत?"

"तू बारीक झालायस, दादा."

"मग? मी बारीक झालो म्हणून गाठ पळाली काय?"

पहिल्या दिवशी तिने त्याला यंत्र समजावून सांगितलं होतं, तेव्हा तो भलताच खूश झाला होता. वेल्डिंगची ज्योत पेटते तेव्हा वायूच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, मागे आयन उरतात, आणि त्या तापलेल्या गर्दीतून वीज वाहते, त्याला प्लाझ्मा म्हणतात. इथेही यंत्राच्या एका टोकाला हायड्रोजनचा प्लाझ्मा पेटवतात, त्यातले आयन खेचून घेऊन प्रचंड वेगाने गाठीवर सोडतात. "म्हणजे मी जन्मभर तुझंच काम करत होतो," असं तो घरी वहिनीला ऐटीत सांगत सुटला होता.

आज तिने पुढचं सांगितलं. आयन वेगात असतो तोवर वाटेतल्या मांसाला निसटते धक्के देत जातो. मंदावत जातो तसे धक्के वाढतात, आणि थांबण्याच्या अगदी आधी उरलीसुरली सगळी ताकद तो एका जागी ओततो. ती जागा गाठीत यावी एवढ्यासाठीच सगळं गणित. पण ते मांडलंय भरल्या गालावरून. आता वाटेत अडवायला मांस कमी, म्हणजे आयन पुढे जाऊन थांबणार. पुढे डाव्या डोळ्याची नस.

"किती पुढे?"

"काडेपेटीच्या दोन काड्यांची जाडी."

"एवढ्यासाठी मला परत पाठवतेस?"

तिने जेवणाचं विचारलं, तेव्हा हळूहळू बाहेर आलं. तोंड आतून सोललं होतं, घोट गिळताना जीव जात होता. वहिनीला तो सांगे, इस्पितळात खाल्लं. बहिणीला सांगे, घरून जेवून निघालो. दोघींनीही विश्वास ठेवला. तिला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. रोज तर समोर होता. ती पडद्यावरचे आकडे बघत राहिली आणि गाल बघायचा राहून गेला.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, खंड पडला तर गाठ उचल खाईल, आजचे उपचार देऊन टाका, उद्या स्कॅन करू. त्यांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. नात्यातल्या पेशंटचा निर्णय आपण घ्यायचा नाही, हा विभागाचा नियम तिला पाठ होता, पण दुसरा फिजिसिस्ट रजेवर होता. सही तिचीच लागणार होती. तिने केली नाही.

स्कॅन झाला, नवा मास्क झाला, नवं गणित जुळलं. आणि यंत्रच बसलं. प्लाझ्मा पेटेना. पेटला की जांभळट उजेड थरथरायचा आणि विझायचा. कुठल्याशा जोडातून हवा आत शिरत होती. जोड शोधायचा, उघडायचा, बदलायचा, मग आतली हवा उपसत बसायचं, आणि पेटवून बघावं तर पुन्हा तेच. दादा रोज सकाळी यायचा, बाकावर बसायचा, दुपारी परत जायचा. वहिनी फोन करायची. सगळ्यांना एकच उत्तर देऊन तिची जीभ जड झाली. एकदा ती इंजिनियरच्या अंगावर धावून गेली. तो जमिनीवर उताणा पडून पाना फिरवत होता. "मॅडम, मी पण सकाळपासून पाणी प्यायलेलो नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. ती तशीच बाहेर आली.

बाहेर दादा उभा होता. बाकीचे पेशंट बसले होते, त्यांच्यादेखत तो म्हणाला, "एवढी शिकलीस आणि तुला साधी ज्योत पेटवता येईना?"

ती वळून पुन्हा आत यंत्रापाशी गेली.

अखेर जोड सापडला, उपचार पुरे झाले. काही महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ आक्रसून निपचित पडलेली दिसली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण दादाचा डावा डोळा अंधुक होत चालला होता. डॉक्टर म्हणाले, खंड पडला तेव्हा गाठीने नस दाबली असेल. किंवा मास्क सैल झाल्याचं लक्षात येण्याआधीच्या दिवसांत आयन नसेपर्यंत गेले असतील. किंवा सगळं बिनचूक होऊनही असंच झालं असतं. तिने खंडाचा आणि सैल मास्कचा, दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून पाहिला, पुन्हा पाहिला. दोन्ही उत्तरांत एवढी अनिश्चितता होती की कुठलंच खोडता येईना.

तपासणीच्या खोलीबाहेर तिने दादाला काही न लपवता सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

"बरं." तो म्हणाला, "आकार कळतात अजून. तू कळतेस."

दोघं इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडली. समोर रहदारीचा रस्ता होता. दादा कडेला थांबला, गाड्यांचे आवाज ऐकत राहिला. मग त्याने तिचं कोपर घट्ट धरलं.

"नीट चाल," तो म्हणाला. "तुझं लक्ष नसतं रस्त्यात."

"हो, दादा," ती म्हणाली. डावीकडची गाडी जाऊ दिली, आणि तोच तिला पलीकडे नेतोय असं वाटावं अशा बेताने अर्धं पाऊल मागे राहून चालू लागली.