लहान बी, मोठा बी

"शंभर म्हणालात आणि बाराच येतंय हो!" निवृत्त मास्तरांनी फोन काउंटरवर ठेवला. "फाइल उतरवताना स्वतः बघितलं. सेकंदाला बारा एमबी. उरलेले गेले कुठे?"

"मास्तर, लाइन शंभरचीच आहे. फोनचं वय झालंय," एमबीकाका म्हणाले आणि मागच्या रांगेकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला. "माणसाचंही होतं. म्हणून आपण लगेच कंपनीला बोल लावतो का?"

रांग खो खो हसली. मास्तर गोरेमोरे झाले, फोन खिशात घालून गुपचूप निघून गेले.

एमबीकाका इंटरनेट कंपनीच्या विक्रीच्या काउंटरवर बसत. त्यांचं खरं नाव लोक कधीच विसरले होते, कारण दिवसभर तोंडात एकच जप. वीस एमबी, पन्नास एमबी, शंभर एमबी. डोक्यावरच्या पाटीवरही ठळक अक्षरांत तेच रंगवलेलं. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हसवून, लाजवून परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपण कुणाला फसवतोय, असं मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते अगदी मनापासून बोलत, म्हणून तर माल खपत होता.

त्या दिवशी ते अर्ध्या रजेवर घरी आले. लेकीची फिल्म पाठवायची होती. फिल्म शिकवणाऱ्या संस्थेत प्रवेश हवा, तर स्वतः केलेली फिल्म संध्याकाळी पाचपर्यंत पोचायला हवी. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, म्हणजे काय ते आजच. "पोरीला कसल्या नादाला लावलंस," म्हणून सगळ्या नात्यागोत्याने काकांना फैलावर घेतलं होतं. काका बधले नव्हते. बायको गेल्यापासून घरात दोघंच, आणि लेकीचा हट्ट तो त्यांचा हट्ट.

साडेतीनला फिल्म तयार होती. नाक्यावरच्या किल्ल्या बनवणाऱ्यावर केलेली. फक्त शेवटी कानस घासल्याचा आवाज फार बारीक येत होता.

"बाबा, पाठवून टाकू का रे?"

"तुला खटकतंय ना ते? मग नीट कर की."

"तासभर जाईल. आणि फाइल बारा जीबीची आहे."

"अगं, तुझा बाप विकतो काय? आपली लाइन वीस एमबीची. बारा जीबी म्हणजे बारा हजार एमबी, त्याला वीसने भाग. सहाशे सेकंद. दहा मिनिटांत तिकडे!"

"नक्की? तू म्हणतोस म्हणून थांबते हं."

"डोळे मिटून थांब."

साडेचारला तिने बटण दाबलं. आवाज आता असा आला होता की काकांचेच दात आंबले. दोघं पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे बघत बसले. दहा मिनिटं झाली तरी पट्टी जेमतेम हललेली. काकांनी कंपनीच्या वायरमनला फोन लावला आणि त्याच्यावर खेकसले. तो तिकडून तपासून म्हणाला, "काका, लाइन टकाटक आहे. पुरे वीस जातायत."

"मग अडलंय कुठे?" काका ओरडले. वायरमनला प्रश्नच कळला नाही.

पाचला पट्टी अर्ध्यावरही पोचली नव्हती. मुदत संपल्याची ओळ आली आणि पट्टी नाहीशी झाली. काकांनी संस्थेत फोन केला, हातापाया पडले. तिथली बाई थंडपणे म्हणाली, "सगळ्यांनाच पाच वाजतात." लेक रडली नाही की ओरडली नाही. "आवाज मात्र मस्त झाला होता," म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी वायरमन काउंटरवर आला. हकिगत ऐकून तो आधी हसला, मग काकांचा चेहरा बघून स्टूल ओढून बसला.

"अहो काका, लाइन मोजतात मेगाबिटमध्ये आणि फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. लाइनच्या आकड्याला आठाने भागायचं. तुमच्या वीसचे अडीचच होतात. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आपल्या पाटीवर काय, दोन्ही एमबीच."

काका वर पाटीकडे बघत राहिले. शंभराला त्यांनी मनातच आठाने भागलं. मास्तरांचे बारा बरोबर होते.

"म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" वायरमनने डोळे मोठे केले. "कमाल आहे! ऑफिसात सगळे म्हणायचे, काका म्हणजे बेरकी माणूस, आठाचा हिशेब कसा बेमालूम गिळतो. अहो, तुमच्याकडून शिकायला नवी पोरं पाठवायचे साहेब!"

इतकी वर्षं लोक आपल्याला लबाड समजून मान देत होते, हे काकांना झोंबलं. आपण लबाडही नव्हतो, नुसतेच मूर्ख होतो, हे जास्त झोंबलं.

पुढे 'शंभर एमबी' म्हणायला त्यांची जीभच वळेना. गिऱ्हाइकं रिकामी परत जाऊ लागली, तसं साहेबांनी त्यांना मागच्या टेबलावर बसवलं. काउंटरसाठी माणूस हवा होता. आठाचा हिशेब काकांकडून ऐकलेली लेक स्वतःहून साहेबांना भेटली आणि नोकरीला चिकटली. काकांना ते ऑफिसातच कळलं.

पहिल्याच आठवड्यात एका बाईने तिला नेमकं विचारलं, "यातला बी लहान की मोठा हो?"

लेक गोड हसली. "ताई, बाळाचं नाव ठेवताय का? लहान काय, मोठा काय! लाइन शंभरची आहे, बिनधास्त घ्या."

रांग हसली. बाईही ओशाळून हसली आणि पर्स उघडू लागली. काका उठून लेकीच्या खुर्चीमागे आले, वाकून हळूच म्हणाले, "खरं सांग गं तिला."

लेकीने मान वळवली. जन्मापासून ती त्यांना अरे-तुरे करत आली होती.

"तुम्ही जेवून घ्या, काका," ती म्हणाली. "इथलं मी बघते."

काकांनी डबा घेतला आणि ते आतल्या खोलीत जाऊन बसले.