अध्यक्षसाहेबांचा दिवा

आमच्या वस्तीच्या वाहतूक सुरक्षा समितीचे अध्यक्ष नारुसे स्वतः बिनदिव्याची सायकल चालवतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझं दुकानच सायकल दुरुस्तीचं. त्यांच्या पुढच्या चाकाला घासून दिवा पेटवणारा डायनॅमो मी तीनदा नीट करून दिला. तिन्ही वेळा दोन दिवसांत पायाने मागे ढकललेला.

"टायरला टेकवला की पायडल जड जातं हो, हिसाए-सान," ते म्हणायचे. "आणि मला दिसतं की. नजर अजून तरुण आहे."

"दिवा तुम्हाला दिसावं म्हणून नसतो, अध्यक्षसाहेब. तुम्ही दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो."

यावर हसायचे. हाच माणूस रविवारी शाळेच्या मैदानात मुलांना गळ्यात घालायचे, अंधारात चमकणारे पट्टे वाटतो. स्वतःचा पट्टा मात्र सायकलच्या टोपलीत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. समितीच्या समारंभाआधी मळायला नको म्हणे. शहाणपण नुसतं उतू चाललेलं.

आमचे हे, मित्सुगू, गेल्या वर्षी झटका येऊन उजव्या अंगाने लुळे पडले. दहा महिने धडपडून काठी टेकत वस्तीच्या सार्वजनिक स्नानगृहापर्यंत एकटे जायला लागले. दोनशे पावलं. रोज संध्याकाळी पाचला निघायचे. मी सोबत आलेली चालायची नाही. तेवढं एकच त्यांचं त्यांच्या हातात उरलं होतं.

नोव्हेंबरात पाचलाच अंधारून येतं. त्या दिवशी नारुसे उतारावरून आले, काळा कोट, दिवा बंद. कोपऱ्यावर एका ट्रकवाल्याने थांबून त्यांना वाट दिली. आता कोणी वाट दिली की आपल्या जपानी माणसाला वाकल्याशिवाय राहवतं का? साहेब चालत्या सायकलवरून ट्रकवाल्याला वाकले, चांगली मान खाली घालून, आणि त्या नम्रतेसकट आमच्या ह्यांच्यावर जाऊन आदळले.

हाड मोडलं नाही. पण हे दाराकडे पाठ करून बसले ते बसलेच. "अंघोळ घरीच करीन," एवढंच बोलले. दहा महिने पाण्यात गेले. माझा जीव तुटत होता आणि त्या माणसाची किळस येत होती.

चौथ्या दिवशी नारुसे माफी मागायला आले. सूट, हातात मिठाईचा डबा, कमरेत वाकलेले. मी त्यांच्या पाठीवरून बाहेर पाहिलं. पाच वाजून गेलेले. दाराशी सायकल, डायनॅमो मागे ढकललेला.

"आत्ता, या अंधारात, बिनदिव्याचे आलात?"

"दिवा लावला असता तर सुटात घाम आला असता हो. घामेजलेल्या अंगाने माफी कशी मागायची?"

मी डबा घेतला, सायकल आत ओढली आणि तिला कुलूप घातलं.

"चालत जा," मी म्हटलं.

ते पुन्हा वाकले. दुसरं येतं काय त्यांना? वाकत वाकत गेले.

मागे काठी वाजली. हे उठून सायकलपाशी आले होते. टोपलीतली पिशवी त्यांनी डाव्या हाताने उचलली, दातांनी फाडली आणि पट्टा गळ्यात घातला.

"टॉवेल दे," म्हणाले. "आणि मागे येऊ नकोस."

मी दारात उभी राहिले. अध्यक्षसाहेबांचा कोरा पट्टा स्नानगृहापर्यंत लख्ख दिसत होता.