पारख्याच्या घरची गाळणी

मी गाळणी बोलतेय. जाळी बारीक, दांडा किंचित वाकलेला आणि तोंड फटकळ.

माझा मालक चहाचा पारखी. गोदामात रोज शंभरेक पेले मांडायचे, एकेक घोट भुरकायचा, थुंकायचा आणि कुठला माल घ्यायचा ते सांगायचं. घरी मात्र घोट गिळायचा, तोही मी गाळलेला. एकवीस वर्षं माझ्या अंगावर चांगली टपोरी पानं पडली.

मग त्याला महिनाभर तापाने धरलं. सून मायाळू, पण चहाच्या बाबतीत ठार अडाणी. "आजारी माणसाला हलकं बरं," म्हणत तिने दोरा लावलेल्या चहाच्या पुड्या आणल्या. आत पान नावालाही नाही, नुसता केर! पुडी पाण्यात बुचकळली की रंग सुटतो. तो तर नव्या कापडाचाही सुटतो. शिवाय बाटलीतला चहा. साखरेचं पाणी, वर लिंबाचा वास, चहा फक्त लेबलवर. मी खिळ्याला लटकलेली.

मालकाने घोट तोंडात घोळवला. काहीच लागेना. दुसरी पुडी, तिसरी, मग बाटली. जेवणही अळणीच मिळत होतं, त्यामुळे त्याची खात्रीच पटली.

"संपलं सगळं," तो म्हणाला. "जीभ गेली माझी."

"असं काय बोलता, बाबा? येईल चव हळूहळू."

ताप उतरल्यावर पाचव्या दिवशी त्याने राजीनामा लिहिला. जन्मभर लोकांच्या मालाला नावं ठेवणाऱ्या या शहाण्याला घरातल्या पुडीचा संशय आला नाही! माझ्या जिवाचा नुसता संताप झाला.

पत्र न्यायला गोदामातला जुना सोबती आला. पेला हुंगून त्याने नाक मुरडलं. "फरशी पुसलेलं पाणी पितोस की काय? सूनबाई, गाळणी आहे का घरात?"

त्याने पिशवीतून नमुन्याचा डबा काढला. मला खसखसून धुतलं.

मी गाळलेला तो चहा मालकाने भुरकून जिभेवर घोळवला.

"पान चांगलंय," तो हळूच म्हणाला. "वाळवताना जरा जास्त तापलंय. आणि हा डबा कुणीतरी साबणाजवळ ठेवला होता."

"मीच," सोबती ओशाळून म्हणाला.

मालकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पत्र त्याने स्वतःच फाडलं.

पुड्यांचं उरलेलं खोकं सुनेने पाहुण्यांसाठी ठेवलंय. ते मिटक्या मारत पितात, "वा, छान!" म्हणतात. त्यांच्यापुढे मी काय डोकं फोडू? तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. घोट फिका लागला, तर आधी पेल्याला शिव्या द्या, स्वतःला नंतर.