पान एकोणतीसवरचा मासा

मिसेस पार्डो येणार म्हटलं की इडवल प्राइस दाढी जरा जास्तच घोटून करायचा. त्याच्या बायकोचं, डिलिसचं, निदान असं म्हणणं होतं. इडवलला विचारलंत तर तो म्हणेल, मी रोजच अशी करतो. पण बेचाळीस वर्षं ती दाढी बघणाऱ्या बाईला एवढंही कळत नाही होय!

घर वेल्सच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून. पाहुण्यांसाठी तीन खोल्या, सकाळी भरपेट न्याहारी आणि जिन्याच्या वळणावर पुस्तकांचं कपाट. त्यावर चिठ्ठी: एक घ्या, एक ठेवा. खोल्या, न्याहारी, चादरी, अंडं कुणाला कसं हवं, सगळं डिलिसच्या डोक्याला. कपाट तेवढं इडवलचं. आणि गेली सहा वर्षं ते त्या श्रूजबरी गावच्या विधवेचंही झालं होतं. दर सप्टेंबरला हेस्टर पार्डो पंधरा दिवस यायची, येताना पिशवीभर रहस्यकथा आणायची आणि जाताना कपाटात ठेवून जायची. हिवाळाभर इडवल त्या वाचत बसायचा. डिलिसचं आणि पुस्तकांचं कधी जमलं नाही. दिवसभर उभं राहिलेल्या बाईला छापील अक्षर दिसलं की झोप येते, त्याला ती तरी काय करणार?

ऑगस्ट संपता संपता शेजारची नेस्ता खोल्या आवरायला मदतीला आली. कपाट पुसताना तिनं एक पुस्तक उघडलं, मग दुसरं, मग तिसरं.

"डिलिस, हे बघ गं. पान एकोणतीस."

पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेलं बारीक इंग्रजी एच. आणि त्याला अगदी खेटून छोटासा मासा.

"एच म्हणजे हेस्टर. आणि हा मासा कुणाचा म्हणायचा?" नेस्तानं विचारलं.

डिलिसनं मासा ओळखला. इडवलची हयात मासेमारीच्या होडीवर गेली होती. वाढदिवसाच्या कार्डावर तो सहीखाली हाच मासा काढायचा. तिच्या कार्डावर!

दोघींनी एकवीस पुस्तकं उघडली. एकवीस एच, एकवीस मासे, सगळे पान एकोणतीसवर.

"तू बेकन तळत बस," नेस्ता म्हणाली. "इकडे पत्रव्यवहार चाललाय."

"चूप बस. चादरी घे त्या."

डिलिसच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हेस्टर पार्डो काही रंभा नव्हती. जाड भिंगांचा चष्मा, दुखरे गुडघे, बिनरंगाचे स्वेटर. तीच तर खरी आग होती. देखणी असती तर पुरुषाची जात म्हणून सोडून तरी दिलं असतं. पण या बाईकडे असं काय होतं? गोष्टी! हिवाळ्यात खिडकीशी पुस्तक घेऊन इडवल गालातल्या गालात हसायचा, ते आता तिला एकेक करून आठवायला लागलं. तिच्या बोलण्यावर तो शेवटचा कधी हसला होता?

दुसऱ्या दिवशी तो बंदरावर गेल्यावर ती खोडरबर घेऊन जिन्यात बसली आणि एकवीसच्या एकवीस मासे पुसून काढले. एच तसेच ठेवले. बस म्हणावं एकटीच वाट बघत.

शनिवारी हेस्टर आली. डिलिस हसली, पिशवी उचलली, खोली दाखवली. रोज सकाळी मात्र तिचं अंडं दगडासारखं होईपर्यंत उकळलं. हेस्टरला अर्धवट उकडलेलं आवडायचं, हे तिला सहा वर्षं पाठ होतं. बाईनं निमूटपणे खाल्लं. त्यानंही डिलिसचं डोकं फिरलं.

चौथ्या दिवशी न्याहारीला इडवल पुस्तक नाचवत आला.

"मिसेस पार्डो, हे वाचलंय का तुम्ही? काल हाताला लागलं. माळ्याच्या बायकोवर माझा पक्का संशय आहे!"

हेस्टरनं चमचा खाली ठेवला. त्याच्या हातून पुस्तक घेऊन तिनं पान एकोणतीस काढलं, बघितलं आणि अलगद परत दिलं. "छान आहे," ती म्हणाली. "वाचा तुम्ही."

मग बशी घेऊन ती थेट स्वयंपाकघरात आली.

"मिसेस प्राइस, त्यांच्या खुणा कुणी पुसल्या?"

"मी," डिलिस कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझं घर, माझा नवरा. तुमचं काही म्हणणं आहे?"

हेस्टरचा चेहरा उतरला. तिनं बशी ओट्यावर ठेवली.

"अहो, आमच्या गावच्या वाचनालयात सगळ्या म्हाताऱ्या करतात हे. पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर आपली खूण. तेच पुस्तक परत घरी न्यायला नको म्हणून. तीन वर्षांपूर्वी इडवलनी मला एकच गोष्ट लागोपाठ तीन दिवस सांगितली. तिसऱ्या दिवशी मध्येच थांबले. म्हणाले, हल्ली डोक्यात राहत नाही माझ्या. म्हणून मीच सुचवलं, तुम्हीपण खूण करा." ती अडखळली. "आत्ता दाखवलेलं पुस्तक त्यांनी गेल्याच हिवाळ्यात वाचलंय. मला पत्रातून शेवटसुद्धा कळवला होता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

डिलिसनं गॅस बंद केला. खरंच लफडं असतं तर बरं झालं असतं. दोघांना चार शिव्या हासडल्या असत्या, सगळा गाव तिच्या बाजूनं उभा राहिला असता. आता ओरडायचं कुणावर? दोनदा आणलेला पाव, गॅसवर विसरलेली किटली, नातवाचं चुकलेलं नाव. प्रत्येक वेळी ती खेकसली होती, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" आणि ही परकी बाई, वर्षातले पंधरा दिवस येणारी, तिला ते तीन दिवसांत कळलं होतं. नाही, त्यानंच सांगितलं होतं तिला. मत्सर जायचा सोडून डिलिसच्या छातीत आणखीच खोल रुतला.

इडवल मागच्या दारी खुर्ची रंगवत होता.

"तिला सांगितलंस," डिलिस म्हणाली. "तीन वर्षं. मला नाही."

काय ते त्याला लगेच कळलं. त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"तिच्यापुढे चुकलो तर काय बिघडतं, डिलिस? पंधरा दिवसांनी ती आपल्या घरी जाते. तुझ्यापुढे रोज चुकायचं म्हणजे... तू माझ्याकडे कशी बघशील?"

"कशी म्हणजे? चिडून बघेन! बेचाळीस वर्षं चिडूनच बघतेय ना?" तिचा आवाज फाटला. "ऐक माझं. यापुढे काही विसरलास तर आधी मला कळलं पाहिजे. तिला नाही, नेस्ताला नाही, डॉक्टरला नाही. आधी मला."

"आणि सांगायचंच विसरलो तर?"

डिलिसनं एप्रनला हात पुसले.

"तर मी विचारेन," ती म्हणाली. "रोज सकाळी विचारेन. जीव नकोसा होईल इतकं विचारेन."